चारशे पान घरच्या घरी: सीमाभागातल्या लग्नाचं जेवण कमी खर्चात कसं उठवायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात लग्नाच्या खर्चाचा मोठा वाटा जेवणावर जातो, आणि बहुतेक घरं हा आकडा केटररच्या तोंडून ऐकून मान डोलावतात. पानामागे अमुक रुपये, किमान इतकी पानं, एवढ्यावर बोलणं संपतं. पुढे तेच पैसे पत सोसायटीतून किंवा सावकाराकडून उचलले जातात आणि पोरीचं पहिलं बाळंतपण झालं तरी हप्ते सरत नाहीत. हे टाळता येतं. तीन-चारशे माणसांचं साधं, चांगलं, पोटभर जेवण आपल्या माणसांच्या हातून आजही होऊ शकतं, कारण त्यासाठी लागणारं बरंचसं आपल्याकडे आधीच असतं: गल्लीतल्या पंचमंडळाची नाहीतर देवळाची मोठी भांडी, वाढायला पोरं, निवडायला-चिरायला बायका, आणि बेळगावच्या रविवार पेठेसारखी बाजारपेठ.

एक गोष्ट आधीच सांगतो. पैसे बाजारात घासाघीस करून फारसे वाचत नाहीत. ते वाचतात तीन ठिकाणी: माणसं नीट मोजली तर, पदार्थ कमी ठेवले तर, आणि शेवटचा भात हिशेबाने शिजवला तर. पुढचं सगळं या तीन गोष्टींभोवती आहे.

आधी माणसं मोजा

पत्रिका किती छापल्या यावरून आकडा काढू नका. वही घ्या आणि आमंत्रण कसं दिलंय त्याप्रमाणे चार याद्या करा. चूलबंद आवतण, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच बोलावणं, असलेली घरं वेगळी, घरटी एक-दोन माणसं येणारी वेगळी, बाहेरगावचे पै-पाहुणे वेगळे, आणि दुसऱ्या पक्षाची मंडळी वेगळी. चूलबंद घरातही सगळे येत नाहीत. कोणी ड्युटीवर, कोणी शेतात, कोणाची परीक्षा. अशा घरांची एकूण माणसं मोजून त्यातली पाऊण धरा. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडचे पाहुणे गाडी करून येतात. गाडी म्हटली की आमंत्रण चौघांचं असलं तरी सातजण उतरतात. तिथे कमी धरू नका.

उदाहरण घेऊ. चूलबंद ५५ घरं, घरी सरासरी चार माणसं, म्हणजे २२०; त्यातली पाऊण १६५. घरटी येणारे ६०. बाहेरगावचे ९०. दुसऱ्या पक्षाचे ६०. हे झाले ३७५. पाचवी यादी मात्र हमखास राहून जाते: वाजंत्री, फोटोवाला आणि त्याची पोरं, मंडपवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, भटजी, आचाऱ्याची माणसं, पाणी भरणारे. हे पंचवीस तरी होतात आणि सगळ्यांत जास्त भुकेले तेच असतात. एकूण ४००. दहा वर्षांखालची दोन मुलं मिळून एक पान धरा.

या आकड्यावर दहा टक्के वाढ सगळ्या पदार्थांना करायची नाही. वाढीव सामान फक्त तांदूळ आणि तुरीच्या डाळीचं आणा, कारण ते कच्चं उरलं तर घरात महिनाभर खाता येतं. खीर, भाजी आणि मठ्ठा नेमक्या आकड्याचेच करा.

चारशेच्या पुढे, सहाशे-सातशेपर्यंत गेलात तर मात्र निम्मं काम बाहेर द्या. चुली, भांडी, वाढपी सगळंच एकदम हाताबाहेर जातं आणि जेवण उशिरा लागतं. लग्नात भाजी थोडी अळणी झाली तर लोक विसरतात. दोन तास ताटकळत बसवलेलं विसरत नाहीत.

पानात काय ठेवायचं

माझं ठाम मत आहे: नऊ गोष्टींच्या वर जाऊ नका. मसालेभात, पांढरा भात, आमटी, वांगं-बटाटा भाजी, खपलीच्या गव्हाची खीर, कोशिंबीर, पापड, लोणचं, मठ्ठा. इतकं पान आमच्या भागात कोणाला कमी वाटत नाही, आणि यातली एकही वस्तू लांबून आणावी लागत नाही.

पनीर, दोन गोड पदार्थ, स्टार्टर, पाणीपुरीचा स्टॉल हे सोडा. एकेक पदार्थ वाढला की त्याबरोबर एक भांडं, एक शेगडी, दोन वाढपी आणि उरणारा एक डबा वाढतो. कुंदा बेळगावची शान आहे, पण तो दूध आटवून केलेला, महागडा पदार्थ. चारशे पानांवर वाढण्यापेक्षा व्याह्यांच्या हातात एक बॉक्स द्या, त्यात जास्त मान आहे.

पुरीवर घरात वाद होतोच. एक किलो कणकेच्या साधारण ५५ ते ६० पुऱ्या होतात. माणशी चार धरल्या तर ४०० माणसांना १६०० पुऱ्या, म्हणजे २८ किलो कणीक, तळण्याचं तेल, लाटायला आठ-दहा बायका आणि उकळत्या कढईजवळ सकाळभर उभा राहिलेला एक माणूस. भात खाणाऱ्या या भागात पुरी निम्मी पानात राहते. खीर आणि दोन भात असताना पुरी नसली तर चालतं. थोरल्यांनी हट्टच धरला तर माणशी दोन करा आणि तळणाची माणसं निराळी लावा.

हात कमी असतील किंवा वांगी कडाडली असतील, तर भाजीऐवजी अख्ख्या मसुराची उसळ करा. शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भात निघाल्यावर मसूर घेतात. चव तर आहेच, शिवाय निवडून ठेवला की चिराचिरी नाही आणि आदल्या दिवशी नासायची भीती नाही. शंभर माणसांना चार किलो पुरतो.

शंभर माणसांचं प्रमाण

पुढचे आकडे १०० मोठ्या माणसांचे आहेत. ४०० ला चारने गुणा.

मसालेभाताला तांदूळ ५ किलो, पांढऱ्या भाताला ६ किलो.
आमटीला तूरडाळ ३ किलो. त्याची २० ते २२ लिटर आमटी होते.
भाजीला वांगी ८ किलो, बटाटे ४ किलो.
मसालेभातात घालायला तोंडली, मटार, फ्लॉवर मिळून २ किलो.
खिरीला सडून टरफल काढलेला खपली गहू साडेतीन किलो, गूळ साडेचार ते पाच किलो, नारळ ५, वेलदोडे ५० ग्रॅम, एक जायफळ, थोडी सुंठ.
कोशिंबिरीला काकडी-टोमॅटो-कांदा मिळून ५ किलो.
मठ्ठ्याला दही ५ लिटर, पाणी १० लिटर.
सगळं धरून तेल अडीच लिटर, पानावर सोडायला तूप अर्धा किलो.
कांदे (मसाल्यासकट) ४ किलो, आलं पाव किलो, लसूण अर्धा किलो, कोथिंबीर दहा-बारा मोठ्या जुड्या, सुकं खोबरं एक किलो.
मीठ दोन किलो, लोणचं एक किलो, पापड ११०.

या यादीकडे पैशाच्या नजरेने पाहा. तूरडाळ माणशी ३० ग्रॅम पडते. डाळ किलोला ४० रुपयांनी महागली तरी पानामागे एक रुपया वीस पैसे वाढतात. तांदूळ माणशी ११० ग्रॅम; किलोला २० रुपये जास्त देऊन चांगला तांदूळ घेतला तर पान दोन रुपये वीस पैशांनी महाग होतं. म्हणून डाळ-तांदळात हात आखडू नका. खर्च कमी करायचा तो काजू, बदाम, वनस्पती तूप आणि वाढीव पदार्थांत. मसालेभातात काजूऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि वरून ओलं खोबरं, कोथिंबीर घाला. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

सामान कधी आणि कुठून

कोरडं सामान आठ दिवस आधी भरा. बेळगावकरांना रविवार पेठ आहे. निपाणी, संकेश्वर, खानापूरला आपापली पेठ आहे. एकाच दुकानातून सगळं घ्या आणि भाव ठरवतानाच सांगा की फोडलेलं नाही ते पोतं परत आणू. लग्नाच्या मालाला हे बहुतेक दुकानदार मान्य करतात, फक्त बिलावर लिहून घ्या.

तांदळाचं नीट ठरवा. बेळगाव बासमतीचा वास सुरेख, पण दाणा मऊ आणि भाव चढा. चारशे पानांना तो परवडत नाही. इंद्रायणी चवीला गोड आणि चिकट, म्हणून मोठ्या पातेल्यात गोळा होतो. दोन्ही भातांना जुना, निदान वर्षभराचा, सोना मसुरीसारखा सुटा तांदूळ घ्या. हौस असेल तर देवाच्या नैवेद्याला आणि नवरा-नवरीच्या पानाला थोडा घरचा बासमती वेगळा शिजवा. नवा तांदूळ लग्नाला घेऊच नका: पाणी कमी लागतं, अंदाज चुकतो, आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत लगदा होतो.

तिखटाला ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची मिसळा. ब्याडगीने रंग येतो, संकेश्वरीने झणका. जेवणात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात, तेव्हा तीन भाग ब्याडगीला एक भाग संकेश्वरी एवढंच धरा. मसाला चार दिवस आधी भाजून, पूर्ण गार करून कुटा. गरम असताना डब्यात भरला तर घाम धरून कुबट वास येतो.

कांदे-बटाटे, नारळ दोन दिवस आधी. वांगी, टोमॅटो, कोथिंबीर आदल्या दिवशी पहाटे घाऊक मार्केटातून, आणि वांगी एकाच आकाराची, लहान काटेरी. मोठं वांगं स्वस्त दिसतं, पण बियांनी भरलेलं निघतं. केळीची पानं किंवा पत्रावळी आदल्या संध्याकाळी येऊ द्या. कर्नाटकात २०१६ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांच्यावर बंदी आहे. खिरीला आणि मठ्ठ्याला पानाचे द्रोण किंवा भाड्याच्या स्टीलच्या वाट्या-पेले घ्या.

भांडी, चूल, पाणी

गल्लीची भांडी घेताना मोजून, लिहून, पोचे बघून घ्या. चारशे पानांना साठ-पासष्ट लिटरची दोन जाड बुडाची पातेली खिरीला, पन्नास लिटरची दोन मसालेभाताला, शंभर लिटरचं एक आमटीला, भाजीला रुंद कढई, पांढऱ्या भाताला दोन मोठे डेग, भात ओतायला चार वेताच्या बुट्ट्या आणि प्रत्येकीला दोन स्वच्छ पांढरी धोतरं किंवा मांजरपाटाचं कापड लागेल. वाढायला बारा बादल्या, बारा पळ्या. परातींचा आकडा ठरवू नका, मिळतील तेवढ्या घ्या.

गॅस घ्यायचा तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर मांडवात वापरायला नसतो, आणि मोठ्या शेगडीला तो पुरतही नाही. मोठी शेगडी पूर्ण आचेवर तासाला साधारण एक ते दीड किलो गॅस घेते. तीन शेगड्या पाच-सहा तास चालणार म्हटल्यावर दोन सिलिंडर लागणार, तिसरा भरलेला बाजूला हवाच. खानापूरकडे लाकूडफाटा घरचा असेल तर खीर आणि डाळ चुलीवर घाला, गॅस भातासाठी ठेवा.

चुलीची जागा कापडी मांडवाखाली कधीही करू नका. वर पत्रे, तिन्ही बाजू मोकळ्या, आणि मुलांच्या धावण्याच्या वाटेपासून लांब. एप्रिल-मेमधलं लग्न असेल तर वळीव येणारच असं धरून चला. चुलीभोवती उताराच्या बाजूने हातभर चर काढून ठेवा. शेगडीपाशी दोन बादल्या वाळू आणि ओलं पोतं असू द्या. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडीपासून नळीच्या लांबीइतका दूर. कामावरच्या बायकांना नायलॉनची साडी नेसून चुलीजवळ येऊ देऊ नका. सुती साडी, पदर खोचलेला. कोणाला भाजलंच तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि दवाखाना गाठा. हळद, टूथपेस्ट लावत बसू नका.

प्यायचं पाणी उन्हाळ्यात माणशी एक लिटर. म्हणजे वीस लिटरचे वीस जार, वर पाच जादा. स्वयंपाक, हात धुणं, भांडी यांना किमान दोन हजार लिटर वेगळं. बर्फाच्या कारखान्यातली लादी पिण्याच्या पाण्याची असेलच असं नाही, म्हणून ती मठ्ठ्यात किंवा सरबतात फोडून टाकू नका. मठ्ठ्याची घागर लादीच्या टपात ठेवा, तेवढ्याने गार होतो.

माणसं

सगळं आपणच करू म्हणून आचारी टाळू नका. मीठ आणि आच सांभाळणारा एक जाणता आचारी आणि त्याचे दोन मदतनीस पैसे देऊन बोलवा. तो गोकाक-अथणीकडचा असेल तर कन्नड चांगलं येणारं घरातलं एक माणूस दिवसभर त्याच्याजवळ ठेवा. सामान त्याच्या हाती देण्याआधी वजन लिहिलेली यादी त्याला वाचून दाखवा आणि भांड्यागणिक वाटे करून द्या. पोतं उघडं दिसलं की कोणाचाही हात सैल पडतो.

बाकीचं काम गल्लीत वाटून द्या, पण नाव घेऊन. "सगळ्यांनी या हं" म्हटलं की कोणी येत नाही. काकूंना कांदा, मावशींना वांगी, समोरच्या वहिनींना खोबरं खवणं, असं आदल्या आठवड्यात घरी जाऊन सांगा. आणि चहा-पोह्यांची सोय त्यांच्यासाठी आधी करा. लोकांचे हात फुकट मिळतात म्हणून त्यांना गृहीत धरायचं नसतं. त्यांच्या घरच्या कार्याला तुम्हाला तसंच जावं लागतं, आणि जायलाच हवं.

आदली रात्र

संध्याकाळी पाचला खपली गहू निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घाला. आठ-दहा तास भिजलाच पाहिजे. गूळ फोडून, त्याच्या निम्म्या पाण्यात विरघळवून, पातळ फडक्यातून गाळून ठेवा. उसाचं चिपाड आणि बारीक रेती किती निघते हे पाहिल्यावर न गाळता गूळ घालण्याचं धाडस पुन्हा होणार नाही. कांदा-लसूण सोलून, आलं-लसूण वाटून झाकून ठेवा. बटाटे धुऊन ठेवा, पण चिरू नका. वांगी तर मुळीच नाही. ती सकाळी चिरून लगेच मिठाच्या पाण्यात.

साडेबाराच्या अक्षता धरून दिवस

पहाटे चारला पहिली शेगडी खिरीची. सात-सात किलोच्या दोन पातेल्यांत भिजलेला गहू, त्याच्या चौपट पाणी, आणि मोठी आच. उकळी आली की मध्यम करा. गहू फुटून, दोन बोटांत धरल्यावर सहज चिरडेपर्यंत गूळ घालायचा नाही. गूळ पडला की दाणा तिथेच थांबतो, मग कितीही उकळा, तो चिवटच राहतो. दोन-अडीच तास लागतील. या वेळात एक माणूस लांब दांड्याचं उलथनं घेऊन पातेल्याच्या बुडाला टेकवत फिरवत राहिला पाहिजे. बुडाशी उलथनं अडखळायला लागलं की समजा, धरायला लागलंय: आच काढा, उकळतं पाणी घाला, आणि धरलेला थर खरवडू नका. खरवडलात तर करपट वास पूर्ण पातेल्यात उतरतो. वरचा भाग दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या.

गहू शिजला की गुळाचं पाणी, आणखी वीस-पंचवीस मिनिटं, मग वेलदोडे, जायफळ, सुंठ आणि चिमूट मीठ. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आच मंद करून. गायी-म्हशीचं दूध पातेल्यात घालू नका, गुळाने फाटू शकतं. ज्याला हवं त्याला पानात वरून तूप द्या. खीर गार होताना घट्ट होते, म्हणून ती पळीवरून ओघळेल इतकी सैल ठेवा आणि पंगतीच्या वेळी बाजूला उकळतं पाणी असू द्या.

साडेसहाला पाहुण्यांचं उप्पीट आणि चहा. शंभर माणसांना सहा किलो रवा पुष्कळ झाला.

साडेसातला डाळ. ती मऊ शिजून घोटली गेली की बाजूला. नऊला वांगी-बटाटा: आधी बटाटे, ते अर्धे शिजले की वांगी, आणि ढवळणं कमीत कमी. वांगं जवळजवळ शिजल्यावर आच बंद करा, उरलेलं ते आपल्या वाफेवर शिजतं. दहाला आमटीला फोडणी. आमटीत मसाला हिशेबाचा दोन-तृतीयांश घाला, पंधरा मिनिटं उकळू द्या, मग चाखून उरलेला. मोठ्या भांड्यात तिखट-मीठ सावकाश उतरतं; घाईने चाखून घातलेलं नंतर चढतं.

साडेदहाला मसालेभात. एका पातेल्यात दहा किलोंच्या वर तांदूळ घालू नका, नाहीतर खालचा करपतो आणि वरचा कच्चा. घरी आपण तांदळाच्या दुप्पट पाणी घालतो. मोठ्या भांड्यात वाफ कमी जाते, म्हणून जुन्या तांदळालाही पावणेदोनपट उकळतं पाणी पुरतं. मीठ किलोला तीस ते पस्तीस ग्रॅम. फोडणीत मसाला, भाजी आणि धुऊन अर्धा तास निथळलेला तांदूळ परतून घ्या, उकळतं पाणी ओता, पाणी तांदळाबरोबर आलं की आच अगदी मंद, वर झाकण, झाकणावर निखारे किंवा गरम पाण्याचं पातेलं. वीस मिनिटं उघडायचं नाही.

पांढरा भात सव्वाअकरापासून, आठ-आठ किलोच्या घाण्यांत. डेगात पाणी खळखळून उकळलं की तांदूळ टाका, कणी राहील इतपत शिजवा, पेज काढा आणि कापड घातलेल्या बुट्टीत ओतून वरून कापड दुमडा. आतल्या वाफेवर तो मोकळा होतो आणि तासभर गरम राहतो.

आता तो तिसरा मुद्दा. ४०० माणसांना हिशेबाने ४४ किलो तांदूळ लागतो. त्यातला २० किलो मसालेभात आणि १६ किलो पांढरा भात आधी करा. शेवटचा आठ किलोंचा घाणा कच्चाच ठेवा. डेगात पाणी उकळत ठेवायचं आणि दुसरी पंगत बसली की एका माणसाने मांडवात फिरून न जेवलेली डोकी मोजायची. शंभराच्या वर असतील तर तांदूळ टाका, पन्नास असतील तर चार किलो, कमी असतील तर पोतं बंद. अर्ध्या तासात भात तयार होतो, पंगत उठायलाही तेवढाच वेळ लागतो. शिजवलेला भात दुकानदार परत घेत नाही.

वाढणं

पंगतच घाला. बुफेत पहिल्या दोनशेंनी दोनदा घेतलं की शेवटच्या पन्नासांना मागे भांड्यात काही उरत नाही. शंभरच्या चार पंगती, एकेक पस्तीस मिनिटांची, मधे दहा मिनिटं उचलायला आणि पुसायला. तीन तासांत सगळे जेवून होतात. शंभर पानांना बारा वाढपी, आणि एकाने एकच पदार्थ धरायचा. मीठ, लोणचं, कोशिंबीर, पापड, भाजी माणसं बसायच्या आधी पानात. मग मसालेभात, खीर, नंतर पांढरा भात-आमटी, शेवटी मठ्ठा. म्हातारी, पथ्याची आणि गरोदर माणसं पहिल्या पंगतीत. कामकऱ्यांची पानं मात्र दुसऱ्या पंगतीबरोबर बाजूला मांडून घ्या, त्यांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नका.

पहिल्यांदा थोडं वाढा आणि तीनदा फिरा. वाढप्यांना हे एकदा एकत्र बसवून सांगा. आग्रह खिरीचा करा, भाताचा नको. तरण्या पोरांना भात भरभरून वाढण्याची हौस असते. तो सगळा पत्रावळीबरोबर जातो.

जेवण झाल्यावर

भात शिजल्यापासून दोन तासांच्या वर कोमट पडू देऊ नका. भाताला नंतर गरम केलं तरी त्यात तयार झालेलं विष जात नाही. उलट्या-जुलाबाची लग्नातली गडबड बऱ्याचदा उरलेल्या भाताची किंवा दुधा-खव्याच्या पदार्थाची असते. आमटी, भाजी वाफाळती राहील इतकी गरम ठेवा. उरलेलं शेवटची पंगत उठल्याबरोबर डब्यांत भरून गल्लीत वाटा. जवळ वसतिगृह किंवा कामगारांची वस्ती असेल तर सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे ते भांडी घेऊन तयार राहतात. रात्रीच्या जेवणाला दुपारचा भात ठेवायचा नाही. मठ्ठा उरला तर ओता.

पत्रावळी आणि केळीची पानं उकिरड्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात जाऊ द्या. खड्डा आदल्या दिवशी काढलेला असला तर संध्याकाळी कुत्र्यांचा उच्छाद होत नाही.

भांडी त्याच रात्री घासून, यादीवर खूण करत परत करा. पळी हरवली तर तिची किंमत आपणहून भरा. उद्या तीच भांडी दुसऱ्या घरात लागणार आहेत. आचाऱ्याचे पैसे जेवण उठल्याबरोबर त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी न फोडलेलं पोतं आणि बिल घेऊन दुकानात जा, आणि त्याच वहीत मागच्या पानावर लिहा: किती माणसं धरली, किती जेवली, काय कमी पडलं, काय उरलं. पुढच्या वेळी गल्लीत कोणाचं लग्न निघालं की ती वही त्यांना द्या.